शीग आणि फोल

फार फार पूर्वी, जेव्हा मोजायला पायली होती पण घड्याळ नव्हतं, तेव्हा खाडीच्या काठी एक गाव होतं. गाव कसलं, खाडीने जरा मागे सरकून दिलेली जागा! भरती आली की खाडीचं पाणी गावातल्या चुलींपेक्षा उंच चढायचं. मधे आड होता तो फक्त मातीचा एक लांबलचक बांध. बांधाच्या अलीकडे भातशेती, घरं, केळी, कोंबड्या. पलीकडे खारं पाणी. मातीच्या भरवशावर लोक पिढ्यान्‌पिढ्या निवांत झोपत होते, हे एक नवलच.

बांध मातीचा, म्हणून त्याला दरवर्षी नवी माती लागायची. चिखलात उतरून माती तुडवणारे बांधकरी डोंगरापलीकडून यायचे आणि मजुरी म्हणून भात न्यायचे. त्यासाठी गावात कर होता. घरटी, वर्षाला दोन पायल्या भात.

कर गोळा करायला एक मापारी होता. त्याला पगार नव्हता. त्याऐवजी एक जुनी रीत होती. पायली काठोकाठ भरली की तिच्या तोंडावर आणखी थोडी रास करायची. तिला म्हणायचे शीग. आणि शिगेवरून जे दाणे घरंगळून खाली सांडतील, ते मापाऱ्याचे.

पहिल्या मापाऱ्याची शीग चिमणीच्या डोक्याएवढी होती म्हणतात. त्याच्या मुलाची कोंबडीएवढी झाली. या गोष्टीतल्या मापाऱ्याच्या हातात पायली आली तोवर शिगेचा डोंगर झाला होता. तो ओतायचा, दाणे घरंगळायचे. तो म्हणायचा, "अरेरे, सांडलं!" आणि पुन्हा ओतायचा.

लोक वैतागले. पण कर चुकवणार कसा? मापारी तर दारात उभा. मग लोकांनी एक युक्ती काढली. पोकळ दाणे असतात ना, ज्यांच्या पोटात तांदूळच नसतो, ते फोल. एरवी ते पाखडून फेकून द्यायचे. ते आता जपून ठेवायला लागले आणि कराच्या भातात मिसळायला लागले. पहिल्या वर्षी मूठभर. मापाऱ्याच्या लक्षात आलं, त्याने शीग वाढवली. शीग वाढली, म्हणून लोकांनी फोल वाढवलं.

आधी शीग वाढली की आधी फोल आलं, यावर त्या गावात इतकी भांडणं झाली की दोन घरांची सोयरीक मोडली.

गावाचा एक कारभारी होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कामापेक्षा कामाची सुरुवात जास्त आवडायची. कराचं भात ठेवायच्या कोठारातलं चांगलं भात काढून त्याने गावाच्या वेशीवर चिऱ्यांची मोठी कमान बांधली होती, आणि कमानीवर स्वतःचं नाव कोरलं होतं. कमान बांधून झाल्यावर भात कमी पडलं, म्हणून त्याने आणखी कर लावले. वेशीतून जाण्याचा कर. विहिरीच्या दोराचा कर. आणि हे सगळे कर भरा म्हणून जी दवंडी पिटली जायची, त्या दवंडीचा कर.

बांधाला मात्र तीन वर्षं नवी माती लागली नव्हती.

बांधाच्या अगदी पायथ्याशी शेवटचं घर होतं आवडीचं. आवडी, तिचा नवरा भिवा आणि त्यांची दीड वर्षांची मुलगी बाळी. आवडीला सगळ्याची धास्ती वाटायची. बाळी जास्त झोपली तरी धास्ती, लवकर उठली तरी धास्ती. शेजारणी म्हणायच्या, "आवडे, तू सुखाने घास तरी गिळतेस का गं?" ती हसायची आणि मनात म्हणायची, खरंच की, माझंच काहीतरी चुकतंय.

षष्ठीच्या दिवशी आवडी बांधाजवळ गोवऱ्या थापत होती. तिला बांधाच्या अंगाला एक ओली जागा दिसली. तिने बोट लावलं. बोट आत गेलं. खेकड्याचं बीळ होतं ते, आरपार. तिने बोट जिभेला लावलं. खारट.

तिने पौर्णिमेपर्यंतचे दिवस मोजले. नऊ. पौर्णिमेला भर दुपारी मोठं उधाण येतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

ती धावत घरी गेली. "अहो, बांधाला भोक पडलंय."

भिवा दोर वळत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "केवढं?"

"बोटाएवढं."

"मग बोट घालून बस."

"थट्टा नका करू. आपलं घर पहिलं आहे."

"म्हणूनच सांगतो," भिवाने दोर खाली ठेवला. "यंदा आम्ही चाळीस घरांनी ठरवलंय, आधी बांध, मग माप. बांधाला माती लागल्याशिवाय एक दाणा द्यायचा नाही. मी स्वतः पुढे होऊन सांगितलंय सगळ्यांना. कमानी बांधायला भात आहे, बांधाला तेवढं मिळत नाही होय यांना?"

आवडीला ते पटलं. तो म्हणायचा ते तिला नेहमीच पटायचं, आणि तरी ओलं बोट ओलंच राहायचं.

सप्तमीला तिने मोजलं तर भोकात दोन बोटं गेली. अष्टमीला बाळीची बांगडी गेली. ती बाळीला कडेवर घेऊन कारभाऱ्याकडे गेली.

कारभारी ओसरीवर झोपाळ्यावर बसला होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. तो ऐकून नेहमी घ्यायचा.

"बरोबर आहे तुझं, बाई. बांध दुरुस्त झालाच पाहिजे. पण बांधकऱ्यांना द्यायला यंदाचं भात कुठाय? तुझ्याच नवऱ्याने माप अडवलंय. आधी माप, मग बांध."

"ते म्हणतात, आधी बांध, मग माप."

"तू त्याला समजाव."

"ते म्हणतील, कारभाऱ्यांना समजाव."

"मग," कारभारी खुशीत म्हणाला, "आपण गावाकडूनच सूचना मागवू. करपद्धत कशी सुधारावी! दशमीला सभा. दवंडी पिटवतो."

"त्या दवंडीचा कर—"

"तो आहेच."

दशमीला पिंपळाखाली सभा भरली. खरं सांगायचं तर इतकी हुशार माणसं त्या गावात आहेत हे आवडीला तोवर माहीतच नव्हतं. प्रत्येकाकडे एक सूचना होती.

तेली म्हणाला, "माझं म्हणणं, उंच जोत्यावर ज्यांची घरं, त्यांनी जास्त भरावं. ते सुखी आहेत." तेल्याचं घर सखल होतं.

उंच जोत्यावरचा सोनार उठला. "वा रे वा! बांध फुटला तर पाणी माझ्या पायरीलाही लागत नाही. बांध ज्यांच्यासाठी, कर त्यांच्यावर!"

एक बिनलग्नाचा म्हणाला, "खाणारी तोंडं मोजा. ज्याच्या घरी पोरं जास्त, त्याचा कर जास्त."

"तुझ्या बिनलग्नाचं राहण्यालाच कर लावला पाहिजे," मागून कोळीण ओरडली, "म्हणजे तुझी आई तरी सुटेल भांडी घासण्यातून!" सभा खो खो हसली.

कोणी म्हणालं, सगळे कर काढून एकच ठेवा. कोणी म्हणालं, एकही ठेवू नका. कोणी म्हणालं, कर मिठावर बसवा, ते कोणी कमी खात नाही. भिवा मूठ आपटून म्हणाला, "आधी शीग बंद करा!" मापारी म्हणाला, "मग मी काय वारा खाऊ?"

आवडी बायकांच्या रांगेत बसली होती. तिच्याही मनात एक सूचना होती, पण ती इतकी साधी होती की तिला ती सांगायची लाज वाटत होती. भोक बुजवा. एवढीच. ती दोनदा उठली आणि दोनदा पदर सावरून खाली बसली. आजूबाजूला एवढी थोर बोलणी चालली असताना आपण काय ते खेकड्याचं बीळ सांगायचं!

शेवटी कारभारी म्हणाला, "सगळ्या सूचना मोलाच्या आहेत. त्यांचा विचार करायला मी पाच शहाण्यांची एक मंडळी नेमतो. पुढच्या महिन्याच्या पौर्णिमेला ती आपलं म्हणणं मांडेल."

"पुढच्या?" आवडीच्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. आता उठावंच लागलं. तिच्याजवळ पाण्याचा एक तांब्या होता. ती तशीच पुढे गेली आणि तो तिने कारभाऱ्यासमोर ठेवला.

"काय हे?"

"चाखून बघा."

कारभाऱ्याने घोट घेतला आणि थुंकला. "खाडीचं पाणी आणलंस सभेत?"

"खाडीचं नाही. तुमच्या केळीच्या बुंध्याशी साचलं होतं, सकाळी भरलं. माझ्या घरावरून ओहळ तिथवर पोचलाय."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. केळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुसऱ्याच दिवशी माणूस डोंगरापलीकडे धाडला गेला आणि त्रयोदशीला वीस बांधकरी खांद्यावर फावडी टाकून गावात हजर झाले.

बांधकऱ्यांचा एक म्होरक्या होता, काळा, उंच आणि कमी बोलणारा. त्याने आधी भोक पाहिलं. मग तो म्हणाला, "एक दिवसाचं काम. आठ मण भात. पण मजुरी आधी बघणार, मग चिखलात उतरणार."

"बघा की!" कारभाऱ्याने ऐटीत कोठाराचं दार उघडलं. कोठार मागच्या वर्षांच्या भाताने आढ्यापर्यंत भरलेलं होतं. गाव बघायला जमलं होतं. इतकं भात पाहून लोकांचे डोळे फिरले. "बघा, बघा," भिवा म्हणाला, "एवढं असताना आमच्याकडे मागतात!"

म्होरक्याने एक सूप मागितलं. त्यात भात घेतलं आणि एकदा, दोनदा, तीनदा पाखडलं. वाऱ्यावर पिवळा धुरळा उडाला. सुपात उरलं ते दोन मुठी.

त्याने सूप कारभाऱ्यासमोर धरलं. "हे भात आहे की कोंबडीचं अंथरूण?"

कारभाऱ्याने मापाऱ्याकडे पाहिलं. मापारी शपथेवर येऊन म्हणाला, "मी भरून घेतलंय! अहो, शीग लावून घेतलंय!"

"शीग लावलीस म्हणून तर आम्ही—" भिवा म्हणाला आणि जीभ चावून गप्प झाला.

"आम्ही काय?" म्होरक्याने विचारलं.

मग तेली म्हणाला, "मी भरीवच दिलं होतं, बाबा. दुसऱ्यांचं माहीत नाही." सोनार म्हणाला, "मी तर निवडून दिलं." कोळीण म्हणाली, "माझ्या भातात फोल निघालं तर जीभ झडेल." एकेक करून चाळीस घरांनी सांगितलं की आमचं भात सोन्यासारखं होतं.

"मग हा भुसा काय भरतीबरोबर आला?" म्होरक्या म्हणाला. त्याने फावडं खांद्यावर घेतलं. बाकीच्यांनीही घेतली. ते वेशीकडे चालायला लागले.

लोक तिथेच भांडत राहिले. शीग आधी, की फोल आधी.

आवडी भांडायला थांबली नाही. बाळीला घरी झोपवून आली होती, ती उठली असेल या धास्तीने ती पळतच निघाली. अंगणात आली तर बाळी उठलेली होती आणि टाळ्या पिटत होती. तुळशीच्या ओट्याजवळ चिखलात एक निवटी उड्या मारत होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला छोटा मासा. तो खाडीत असतो. अंगणात नसतो.

आवडीने बांधाकडे पाहिलं. भोकातून आता मूठभर पाणी पडत होतं, आणि अजून साधी भरतीच चालू होती. उधाणाला दोन दिवस होते.

तिने निवटीला उचलून बांधापलीकडे टाकलं. बाळी रडायला लागली. आवडी तिला घेऊन घरात गेली आणि कणगीच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या मडक्यासमोर बसली.

त्या मडक्यात चांगलं भात होतं. टपोरं, निवडलेलं. चार वर्षं कराच्या पायलीत ती फोल मिसळत आली होती, आणि त्याच्या बदल्यातलं भरीव भात या मडक्यात टाकत आली होती. भिवाला ठाऊक होतं. दोघं त्याबद्दल कधी बोलले नव्हते. बाळी झाल्यावर आवडीने मनाची समजूत घातली होती, हे तिच्यासाठी. तिच्या पेजेसाठी. आईने लेकरासाठी केलेलं पाप हे पाप नसतं. आणि तसंही, मापाऱ्याच्या शिगेपुढे माझं फोल ते किती!

आता लेकराच्या पेजेचं भात कोरड्या मडक्यात होतं, आणि लेकराच्या अंगणात मासा येऊन गेला होता.

तिला वाटलं, जाऊन सांगावं. लगेच वाटलं, मीच का? चाळीस घरांनी केलंय. सोनाराने माझ्या दसपट केलं असेल. मी बोलले तर माझं एकटीचं नाव होईल, आणि बाकीचे साव ठरतील. भिवा सगळ्यांचा पुढारी, त्याचं नाक कापलं जाईल. माझं मडकंभर भात जाईल, त्याने भोक तर बुजणार नाही. मग मी मूर्खही ठरेन आणि बुडेनही.

हे सगळं अगदी खरं होतं. ती ते पुन्हा पुन्हा घोळवत बसली. खरं असूनही त्यातलं एक अक्षर पाणी अडवत नव्हतं.

ती उठली. मडकं डोक्यावर, बाळी कडेवर, सूप काखेत. कमानीखाली म्होरक्या तहान भागवायला थांबला होता, तिथे तिने त्याला गाठलं. धापा टाकत तिने सुपात भात ओतलं.

"पाखडा."

म्होरक्याने पाखडलं. काही उडालं नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "किती आहे असं?"

"माझं एवढंच. पण गावात आणखी आहे. तुम्ही परत चला. मी विचारते."

"ते देतील?"

"मला माहीत नाही," आवडी म्हणाली. ती खोटं बोलायला कंटाळली होती.

म्होरक्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या बाळीकडे, जी त्याचं फावडं ओढत होती. "ऊन आहे तोवर थांबतो," तो म्हणाला.

कोठारासमोर भांडण रंगात आलं होतं. आवडीने मडकं मधोमध ठेवलं. आवाज झाला म्हणून लोक गप्प झाले.

"मी फोल मिसळलं," ती म्हणाली. "चार वर्षं. दर पायलीला निम्मं. त्याचं चांगलं भात हे इथे आहे."

"अगं ए, गप!" भिवा पुढे आला. "काय बोलतेस?"

"आपल्या घराचं बोलतेय. दुसऱ्या कोणाचं नाही बोलले."

"एवढ्याने भोक बुजणार आहे का?"

"नाही बुजणार. पण अंगणात निवटी आली होती, अहो. बाळी तिच्याशी खेळत होती."

भिवाचा चेहरा एकदम वेगळा झाला. त्याने मडक्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "निम्मं नव्हतं ते. निम्म्याहून जास्त होतं. मीच वरून घालायचो." आणि तो वळून घराकडे निघाला. परत आला तो पाठीवर एक पोतं घेऊन. आवडीने ते पोतं कधीच पाहिलं नव्हतं.

"हे कुठलं?" तिने हळूच विचारलं.

"माझंही होतं जरा बाजूला टाकलेलं," भिवा पुटपुटला. "तुला धास्ती वाटेल म्हणून सांगितलं नाही."

कोणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले, आणि हसता हसता लोकांच्या नजरा खाली गेल्या. कोळीण उठली. "झडायची ती जीभ झडू दे," म्हणाली आणि घरी जाऊन टोपलीभर भात घेऊन आली. तेली गेला. बिनलग्नाचा गेला. सोनार सगळ्यात शेवटी गेला आणि सगळ्यात जास्त घेऊन आला. दहा घरं मात्र जागची हलली नाहीत. ती आमचं भरीवच होतं म्हणत बसली. त्यांच्याशी वाद घालायला कोणाला वेळ नव्हता.

मापारी पायली घेऊन मोजायला बसला. सवयीने त्याने काठोकाठ भरून वर ओतायला सुरुवात केली. आवडीने आपला मोकळा हात आडवा करून पायलीच्या तोंडावरून फिरवला. शीग सपाट झाली.

"सांडलेलं मापाऱ्याचं," तो कुजबुजला.

"सांडलेलंही बांधाचं," आवडी म्हणाली. "तुमचं काय ते वेगळं मोजून देऊ. दरवर्षी, सगळ्यांसमोर. पण सपाट."

मापाऱ्याने पायली खाली ठेवली. "मला पगार कोणी कधी विचारलाच नाही हो," तो म्हणाला. "सांडल्याशिवाय घरात शिजेना. मग सांडायची सवयच लागली." संध्याकाळ व्हायच्या आत त्याने घरातले तीन घडे आणून रिकामे केले.

तरी भात आठ मण होईना. सहाच झालं. म्होरक्याने मान हलवली. "सहात माती होईल. बांधाच्या पायथ्याला दगड लागेल, तो डोंगरावरून आणायला आणखी दोन मण."

सगळ्यांच्या माना आपोआप वेशीवरच्या कमानीकडे वळल्या.

"नाही," कारभारी म्हणाला. "ती कमान आहे. तिच्यावर माझं नाव आहे."

लोक चिडून पुढे सरकले. आवडी घाईने मधे आली. "नाव राहू द्या की. चिरे लावताना नावाची बाजू पाण्याकडे करू. खाडीला कळू दे तिला कोणी अडवलंय."

कारभाऱ्याने विचार केला. "अक्षरं सुलटी लावाल ना?"

"अगदी सुलटी," म्होरक्या म्हणाला. हसू दाबायला तो खाली वाकला.

चतुर्दशीला पहाट फुटल्यापासून काम चाललं. कोठारातला भुसा टाकून द्यायला लोक निघाले तेव्हा म्होरक्याने अडवलं. "टाकता कुठे? चिकणमातीत भुसा तुडवला की माती तडकत नाही. आणा सगळा." मग चाळीस घरांनी इतक्या वर्षांत कराच्या नावाखाली दिलेलं सगळं फोल चिखलात पडलं, आणि चाळीस घरांच्या माणसांनी, हललेल्या तीस आणि न हललेल्या दहाही घरांच्या, ते गुडघाभर चिखलात उतरून पायांनी तुडवलं. आपण काय दिलं होतं हे प्रत्येकाला टाचेला टोचून समजलं.

पौर्णिमेला दुपारी उधाण आलं. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी इतकं आलं. गाव अलीकडच्या बाजूला श्वास रोखून उभं होतं. आवडी बुजवलेल्या जागेसमोर बसली होती, बाळीला छातीशी घट्ट धरून. ओल्या मातीवर एक थेंब जमला. तिने बोट लावलं आणि चाखलं. गोडं पाणी. कालच्याच चिखलातलं. मग पाणी जसं आलं तसं हळूहळू उतरायला लागलं.

कारभाऱ्याच्या केळी वाचल्या नाहीत. त्यांच्या मुळांत खार आधीच उतरला होता.

पुढच्या वर्षीपासून त्या गावात कर भरायची जागा बदलली. माप घरोघरच्या दारात नाही, बांधावर घ्यायचं ठरलं. देणाऱ्याने सगळ्यांसमोर भात पाखडायचं. मापाऱ्याने सगळ्यांसमोर पायलीवर फळी फिरवायची. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. पाखडणं आणि फळी एकाच जागी, एकाच वेळी. तिथेच बांधकऱ्यांची मजुरी मोजायची, तिथेच मापाऱ्याचा पगार. वेशीचा कर कमानीबरोबरच गेला. दोराचा आणि दवंडीचा कर कारभाऱ्याने मोठ्या मनाने काढून टाकला आणि त्याचीही दवंडी पिटली.

लोकांची कुरकुर थांबली असं मात्र नाही. सोनार अजून म्हणतो, माझं जोतं उंच आहे. तेली अजून सोनाराकडे बोट दाखवतो. पण आता ते बांधावर उभे राहून कुरकुरतात. बोलता बोलता नजर पाण्याकडे जाते आणि बोलणं जरा आखूड होतं.

आणि आवडी? तिची धास्ती काही गेली नाही. ती रोज सकाळी बांधाला हात लावून बघते. पहिल्या मापाच्या दिवशी ती भात पाखडत होती, तेव्हा सुपाच्या कडेला एक फोल चिकटून राहिलं. एकच. आजूबाजूला कोणाचं लक्ष नव्हतं. एका फोलाने काय होतंय, असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला सांगा. तेवढ्यात बाळीने ते चिमटीत उचललं, तोंडाजवळ नेलं आणि फुंकर मारली.

ते उडून बांधापलीकडे गेलं.

तात्पर्य: शीग आधी की फोल आधी, हे भांडण उधाणाला ऐकू येत नाही. घेणाऱ्याने माप सपाट ठेवावं, देणाऱ्याने दाणा भरीव द्यावा. आणि पहिलं पाऊल कोणी टाकायचं म्हणाल, तर ज्याच्या बोटाला ओल लागली त्याने.